पिठाची खळ

हिवाळ्यात त्या वाचनालयात सगळ्यांत आधी भरायची ती रॉकेलच्या हीटरजवळची बाकं, मग भिंतीतल्या प्लगांजवळची. कपाटांपाशीही खुर्च्या होत्या, पण त्या संध्याकाळपर्यंत तशाच गार पडून असायच्या.

सेल्वाने नावाची ग्रंथपाल सकाळी कुलूप काढायला यायची तेव्हा पाचसात मुलं ब्लँकेटांत गुरफटून पायरीवर बसलेली असत. "म्मे, आज वायफाय आहे का?" हाच त्यांचा नमस्कार. हा-रामोखेले या डोंगरातल्या गावात कुठल्याही जाणत्या बाईला म्मे, म्हणजे आईच म्हणतात. त्यामुळे सेल्वानेला मूलबाळ नसलं तरी दिवसभर आई म्हणवून घ्यावं लागे. मुलं आत येऊन वह्या काढत, फोन चार्जिंगला लावत आणि फोन उभा राहावा म्हणून मागे एखादं जाडजूड पुस्तक टेकवत. मेंढ्यांच्या रोगांवरचं एक पुस्तक या कामासाठी सगळ्यांच्या आवडीचं होतं.

"म्मे, हे पुस्तक बारीक झालंय," बारावीतली पोन्त्शो एकदा तक्रार घेऊन टेबलापाशी आली. "पूर्वी कसं ऐटीत उभं राहायचं. आता फोन पडतो."

"काय कमी झालंय ते वाचून बघितलंस का?"

"मेंढ्या कमी झाल्या असतील," पोन्त्शो म्हणाली, आणि सगळं बाक हसलं.

सेल्वानेही हसली. पण पुस्तक चाळलं तेव्हा मधली बरीच पानं नव्हती. कुणी फाडलेली नव्हती ती. शिवण उसवून, दोरा ओढून, हलक्या हाताने काढून घेतलेली होती. असं पान काढणारं माणूस त्या गावात एकच होतं, आणि ते एप्रिलात गेलं होतं.

आईने हे वाचनालय तीस वर्षं सांभाळलं. तिला सगळे मासेल्वाने म्हणायचे, सेल्वानेची आई. हे नाव तिला लग्नातच सासरच्यांनी दिलं, मूल व्हायच्या कितीतरी आधी. मग मूल झालं आणि त्याला ते तयार नाव मिळालं. आपण जन्मायच्या आधीपासून आईच्या नावात राहायला होतो, असं सेल्वानेला लहानपणी वाटायचं. आता ते नाव कुणी उच्चारत नव्हतं.

समुद्रापलीकडून खोकी भरभरून पुस्तकं दान येत. दातांच्या दुखण्यांवरची, घराच्या गच्चीवर ट्यूलिप लावायची, कुठल्याशा शहराची जुनी टेलिफोनची यादी. ती सगळी कोरी करकरीत. इथल्या सेसोथो भाषेतली पुस्तकं मात्र मोजकीच, मिशनच्या छापखान्यातली, आणि वाचून वाचून त्यांची दशा झालेली. आई ती शिवायची. ब्लँकेट शिवायचा काळा जाड दोरा, गादीची सुई आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची, कीड लागू नये म्हणून, आणि त्या निळसर बोटांनी घरी येऊन पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटायला बसली की वडील ओरडायचे, "बाई, हात धू, नाहीतर आम्हालाच कीड लागायची नाही!"

निवृत्तीनंतर खुर्ची सेल्वानेकडे आली, तरी आई रोज खांद्याला पिशवी लावून येतच राहिली. संगणक आला तेव्हा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ह्याचं पान सुटलं तर कुठे टाका घालायचा?" पुढे तिला नावं आठवेनाशी झाली, मग वार, मग घरचा रस्ता. सुई मात्र हातात नीट राहायची. फाटकी पुस्तकं ती पिशवीत घालून घरी न्यायची, आणि सेल्वाने नेऊ द्यायची, कारण सुई हातात असली की आई शांत बसायची.

आई गेल्यावर महिन्याने, ठरल्या दिवशी, आत्याने ब्लेड घेतलं आणि सेल्वानेच्या गळ्यातला सुतकाचा काळा दोरा कापला. त्याच दिवशी रीतीप्रमाणे अंगणात चटया घालून आईचे कपडे, ब्लँकेटं, भांडी नातेवाइकांत वाटली. ज्याच्या त्याच्या वाट्याला काही ना काही आलं. मामेबहिणीने हिवाळी कोट नेला, आत्याने चांगलं ब्लँकेट. शेवटी ती पिशवी राहिली. आत्याने आत डोकावून नाक मुरडलं.

"हे काय, कागदंच आहेत. वाचनालयाचं असेल. घे बाई, तुझं तूच बघ."

अशी ती सेल्वानेच्या वाट्याला आली. आत दोऱ्याचं रीळ होतं, सुई होती, खळीचा वाळलेला डबा होता आणि एक पुस्तक होतं. त्याला नाव नव्हतं. मेंढ्यांची खरूज, मग प्रार्थनागीतांच्या स्वरलिपीची पानं, मग टेलिफोनची यादी, मग एका जबड्याचं चित्र, आणि पुन्हा मेंढ्या. सगळं कडेला कड लावून, सारख्या अंतराच्या टाक्यांनी, इतकं सुबक शिवलेलं की नुसतं मिटलेलं पाहिलं तर छापखान्यातून आल्यासारखं वाटावं. पुठ्ठे आईने पानांवर पानं चिकटवून घरीच केले होते. आईच्या हातचं शेवटचं ते एवढंच. सेल्वानेने ते घरी उशाशी ठेवलं होतं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती कधी कधी नुसता अंगठा टाक्यांवरून फिरवायची.

न्ताते फामोत्से दर शुक्रवारी यायचे. न्ताते म्हणजे बाप, बाबा. पण म्हातारे फामोत्से अख्ख्या गावाचेच बाबा वाटावेत असे होते. सोन्याच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवून आलेले, छातीत धूळ भरलेली, डोळ्यांवर पडदा आलेला. एक हात भिंतीला लावत ते हीटरपर्यंत पोचायचे आणि मुलं सरकून जागा करायची.

"कोण बसलंय इथे?"

"आम्ही, न्ताते. अभ्यास करतोय."

"अभ्यासाचा आवाज वेगळा असतो. हा बोटं घासल्याचा आवाज आहे."

त्यांचे वडील या गावात शाळामास्तर होते. त्यांनी तरुणपणी एक छोटी कादंबरी लिहिली होती, मिशनने छापली होती. गोष्ट साधी: एक माणूस खाणीतलं काम सोडून पायी घरी निघतो, डोंगर ओलांडत. पुस्तक छापून झालं आणि दुष्काळाच्या वर्षी मास्तर स्वतःच खाणीवर गेले. ते परत आले नाहीत. मेले असं कुणी कळवलं नाही, जगले असंही नाही. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. मोठा होऊन तोही खाणीवर गेला, आणि दर नव्या खाणीत जुन्या माणसांना बापाचं नाव विचारत राहिला.

घरातली प्रत कधीच चुलीत गेली होती. दोन वर्षांपूर्वी मिशनच्या माळ्यावरून आलेल्या खोक्यात आईला एक प्रत सापडली. दुसरी कुठे असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवण कुजली होती, म्हणून वाचून दाखवण्याआधी ती घरी घेऊन गेली. परत आणली ती छान शिवून, पण शेवटची जुडी, एकत्र शिवलेल्या पानांचा शेवटचा गठ्ठा, त्यात नव्हती. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आई दर शुक्रवारी हीटरजवळ बसून म्हाताऱ्याला वाचून दाखवायची, आणि टेबलामागे सेल्वानेच्या कानावर नुसती गुणगुण यायची. दोन म्हातारी माणसं रमली आहेत, एवढंच तिच्या मनात यायचं. तेवढ्या वेळात तिची नोंदणीची कामं उरकत.

आई गेल्यावर सेल्वाने वाचू लागली. पुन्हा पहिल्या पानापासून, दर शुक्रवारी थोडं थोडं. जुलैत, ऐन हिवाळ्यात, एका शुक्रवारी माणूस शेवटच्या खिंडीशी पोचला, आणि पान उलटलं तर पुढे पुठ्ठ्यालगतचं कोरं अस्तर.

"थांबलीस का?"

"न्ताते, पुढची पानंच नाहीत."

"तुझी आई वाचायची की पुढे."

"काय वाचायची?"

म्हातारे जरा वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "एका शुक्रवारी तो घरी पोचायचा. दुसऱ्या शुक्रवारी नदीत जायचा. एकदा तर बायकोने दुसरं घर केलेलं निघालं. मासेल्वाने भली बाई होती, तिला मी काही बोललो नाही. पण मला कागद काय म्हणतो ते पाहिजे. माझ्या बापानं ते आधी लिहिलं आणि मग तो गेला. त्या माणसाला त्यानं घरी पोचवलं की नाही, एवढंच. मग माझं काही मागणं नाही."

"मी शोधते," सेल्वाने म्हणाली. आणखी काही विचारायचं तिला त्या वेळी सुचलं नाही. डोक्यात फक्त पानं होती.

घरी येऊन तिने उशाचं पुस्तक उघडलं. आजवर तिने टाके पाहिले होते, पुठ्ठ्याच्या आतली बाजू कधी नीट वाचली नव्हती. मागच्या पुठ्ठ्याला आतून जे पान चिकटवलं होतं ते मिशनच्या छापखान्याचं होतं. त्याचा आकडा बरोबर पुढचा होता.

एवढं एक पान वाचता येत होतं. माणूस खिंडीत पोचतो. खाली गावातून धूर निघताना दिसतो. तो एका दगडावर बसतो आणि बूट काढतो, कारण खाणीचे बूट घालून त्याला आईसमोर जायचं नसतं. तिथे पान संपत होतं. पुढचं सगळं त्या पानाखाली होतं, थरावर थर, पुठ्ठ्याच्या पोटात. आणि पुठ्ठ्यातून आरपार काळे टाके गेले होते.

पुढच्याच आठवड्यात राजधानीहून, मासेरूहून, कातलेहो आला. टेबल, दोन दिवे आणि वरून खाली बघणारा कॅमेरा घेऊन. सेसोथोतली जुनी पुस्तकं पानापानाने टिपून घ्यायची, म्हणजे ती जगभर कुठेही वाचता येतील, असा तो प्रकल्प होता. त्यानंतर महिनाअखेरीस ट्रक येऊन सगळी पुस्तकं राजधानीतल्या गोदामात नेणार होता. दालनात संगणक बसणार होते. सेल्वानेची नोकरी जाणार नव्हती. फक्त यापुढे तिला ग्रंथपाल म्हणणार नव्हते.

कातलेहो हसरा मुलगा होता. तिला आउसी म्हणायचा, ताई.

"आउसी, त्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत काय आहे?"

"आधीच्या प्रकल्पाचे टॅब्लेट."

"चालतात?"

"पासवर्ड ज्याच्याकडे होता त्याचा फोन लागत नाही."

"किती दिवस?"

"तू शाळेत असशील तेव्हापासून."

तो मोठ्याने हसला आणि पेटीवर चहाचा कप ठेवला. दिवसभर त्याच्या कॅमेऱ्याचा टिकटिक आवाज येत राहायचा. पुस्तक सपाट पडावं म्हणून तो त्याचा कणा कापून पानं मोकळी करायचा. कापण्याआधी तिच्याकडे एकदा बघायचा, हे सेल्वानेच्या लक्षात आलं होतं. ती मान दुसरीकडे वळवायची.

मास्तरांची कादंबरी हातात आली तेव्हा त्याने ती चाळून बाजूला ठेवली. "ही अपुरी आहे. अपुरी पुस्तकं दुसऱ्या फेरीत."

"दुसरी फेरी कधी?"

"आउसी, पहिल्या फेरीलाच गाडी मावशीच्या नवऱ्याची आणलीय." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "पानं मिळाली तर शनिवारपर्यंत द्या. शनिवारी मी निघतोय."

तिने त्याला म्हाताऱ्यांचं सगळं सांगितलं. कातलेहोने नीट ऐकून घेतलं आणि फोन काढला. "हे आधी का नाही बोललात? फोनमधल्या या एआयला मी गोष्ट सांगतो, हा शेवट लिहून देईल. सेसोथो जरा शेजारच्या झुलू लोकांसारखी बोलतो, पण कळतं." त्याची बोटं चालली. चहा निवायच्या आत तीन शेवट तयार झाले. त्याने एक तिच्यासमोर धरला. माणूस गावात येतो, बायको धावत येते, शेजारी गातात, आकाशात तारे चमकतात.

सेल्वानेने तो शेवटपर्यंत वाचला. वाईट नव्हता. आईनेही हेच केलं होतं, नाही का, कोऱ्या अस्तराकडे बघत. पण आई खोटं बोलताना तिथे आई तरी होती.

"हे कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही. तेच तर बरं आहे, कुणाची परवानगी लागत नाही." तो म्हणाला, आणि मग हळूच, "त्यांना दिसत नाही, आउसी. कसं कळणार?"

"त्यांना कळणार नाही," ती म्हणाली, आणि फोन परत केला.

बुधवारी वाचनालय दुपारी बंद असे. पुस्तक आणि पिशवी घेऊन ती आईच्या घरी गेली. उन्हं यायची त्या भिंतीला टेकून चटई घातली, आणि पुस्तक मांडीवर घेतलं. तिने एक रस्ता शोधून पाहिला, दुसरा शोधून पाहिला. टाके न कापता पुठ्ठा सुटण्यासारखा नव्हता. आई कधी अर्धंमुर्धं शिवतच नसे. पलीकडच्या अंगणातून शेजारीण ओरडली, "सेल्वाने, उन्हात बसून काय शिवतेस ग?"

"उसवतेय, म्मे."

"उसव, उसव. तुझी आई सारखी तेच म्हणायची. शिवणाऱ्याला आधी उसवता आलं पाहिजे."

तिने ब्लेड घेतलं. पहिल्या टाक्याची गाठ आईने नेहमीसारखी दुहेरी मारून, टोक आत दडवून ठेवली होती. ती सापडायला वेळ लागला. एकदा ती कापल्यावर बाकीचे टाके ओढले तसे येत गेले. मेंढ्या सुटल्या, गाणी सुटली, फोनचे आकडे सुटले. चटईवर आता पुस्तक नव्हतं, रद्दी होती. दोऱ्याचे तुकडे तिने ओंजळीत गोळा केले आणि खळीच्या डब्यात ठेवले.

मग केटली चढवून पुठ्ठ्याची कड वाफेवर धरली. वरचं पान, बूट काढणाऱ्या माणसाचं, अलगद सुटून आलं. खालून भुकटी सांडली. पिवळी, बारीक, पिठासारखी. तिने केटली बाजूला केली आणि पुठ्ठा उन्हात नेला.

आतल्या पानांची जाळी झाली होती. किडीने खळ खाल्ली होती, आणि खळीबरोबर कागद, आणि कागदाबरोबर अक्षरं. तिने डब्यातल्या वाळलेल्या खळीकडे पाहिलं. पांढरी होती. मोरचुदाची निळसर झाक कुठेच नव्हती. तीस वर्षं न चुकता घातलेली चिमूट आई शेवटच्या हिवाळ्यात विसरली होती.

तिने सुईच्या टोकाने एकेक चिंधी वेगळी करून बशीत मांडली. बरीचशी हात लावताच चुरा झाली. एका तुकड्यावर 'कुत्रं' एवढा शब्द होता. दुसऱ्यावर 'आणि ती'. तिसऱ्यावर पूर्णविराम, आणि त्यापुढे मोकळी जागा. तो गोष्टीचा शेवटचा पूर्णविराम असेल. नसेलही. भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत ती बशीसमोर बसून राहिली.

शुक्रवारी म्हातारे वेळेआधी आले. कुणीतरी त्यांना पानं सापडल्याचं सांगितलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, चर्चमध्ये ठेवतात तशी. सेल्वानेने वाचायला घेतलं. खिंड, धूर, दगड, बूट. "'आणि त्याने बूट काढून शेजारी ठेवले,'" असं वाचून ती थांबली.

"चांगलं आहे," म्हातारे म्हणाले. "खाणीचे बूट घालून कुणी आईला भेटू नये. मीसुद्धा काढायचो. पुढे?"

"पुढची पानं किडीने खाल्ली, न्ताते. आईने ती पुठ्ठ्यात चिकटवली होती. मी सोडवली, पण काही राहिलं नाही. अर्थ लागेल असा एकच शब्द वाचता येतो. कुत्रं."

"भुंकलं का?"

"तेवढंच आहे. कुत्रं."

म्हाताऱ्यांनी मांडीवरच्या टोपीची कड बोटांनी चाचपली. हीटर फुरफुरत होता. मागे कातलेहोचा कॅमेरा थांबला होता. अखेर ते म्हणाले, "कुत्रं कुठल्याही गावात असतं, पोरी. परक्यावरही भुंकतं आणि घरच्यावरही."

"हो."

"म्हणजे नाहीच कळायचं."

"नाही, न्ताते."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. उठायला हात पुढे केला, तेव्हा सेल्वानेने तो धरून ठेवला. गेले दोन दिवस तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आई जुडी घेऊन घरी एकटीच बसली होती. ती उसवण्याआधी तिने वाचली असणार; न वाचता आईने कधीच काही शिवलं नव्हतं. त्या शेवटांपैकी एखादा खरा असू शकत होता. आणि खरा नसला, तरी तो आईचा होता. आईने शेवटच्या वर्षात घरी चार शब्द धड जुळवले नव्हते, आणि इथे, दहा पावलांवर, ती दर शुक्रवारी एक गोष्ट रचून सांगत होती.

"न्ताते, आई काय वाचायची ते मला सांगाल? पोचायचा म्हणालात, एका शुक्रवारी. कसा पोचायचा? दार कुणी उघडायचं?"

म्हाताऱ्यांनी धुरकट डोळे तिच्याकडे वळवले. त्यांना खरंच आठवून बघायचं होतं, हे दिसत होतं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले.

"पहिल्यांदा तो पोचला, तेव्हा मला बरं वाटलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा ऐकलं आणि कळलं, ही कागदावरचं वाचत नाही. मग मी ऐकणं सोडलं, पोरी. ती बोलायची, मी हात शेकायचो. मला माझ्या बापाचं पाहिजे होतं ना."

"एखादा शब्द?"

"नाही ग. आवाज लक्षात आहे. शब्द नाहीत."

तिने हात सोडला. ते भिंतीला बोटं लावत दाराकडे निघाले, आणि मुलांनी पाय आत घेऊन त्यांना वाट करून दिली.

शनिवारी कातलेहोने मावशीच्या नवऱ्याच्या गाडीत टेबल आणि दिवे भरले. निघताना कादंबरी तिच्या हातात देत म्हणाला, "दुसऱ्या फेरीसाठी हिच्यावर चिठ्ठी लावून ठेवा, आउसी." तिने मान हलवली. चिठ्ठी लावली नाही. बशीतल्या चिंध्या तिने कादंबरीच्या मागच्या अस्तरात घातल्या, आणि पुस्तक त्याच्या जागी ठेवलं. ट्रक येईपर्यंत ते तिथेच राहणार होतं.

सोमवारी तिने मैदा शिजवून खळ केली, त्यात मोरचूद घातला. मेंढ्यांच्या रोगांची पानं आकड्यांप्रमाणे लावून घेतली, आईच्या सुईत आईचा दोरा ओवला आणि ती पानं त्यांच्या पुस्तकात परत शिवून टाकली. टाके आईसारखे सारख्या अंतराचे आले नाहीत. पुस्तक रात्रभर विटेखाली दाबून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पोन्त्शोने ते कपाटातून ओढलं, प्लगाजवळच्या बाकावर उभं केलं आणि फोन टेकवून पाहिला.

"म्मे, राहतोय," ती म्हणाली. "काय केलंत?"

"मेंढ्या परत आल्या," सेल्वाने म्हणाली.

सगळं बाक हसलं. तिने बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा निळसर झाल्या होत्या. मग ती कपाटांकडे गेली आणि ट्रकसाठी खोकी भरायला लागली.